मिल्कशेकच्या गोष्टीवर किती विश्वास ठेवायचा?

मॅनेजमेंट किंवा डिझाइनमध्ये पीएचडी करायची म्हणताय, तर मिल्कशेकची गोष्ट तुम्हाला कुठे ना कुठे भेटणारच. एका फास्टफूड साखळीला मिल्कशेकचा खप वाढवायचा होता. ग्राहकांना विचारून सुधारणा केल्या, उपयोग शून्य. मग एक संशोधक दुकानात उभा राहून नुसतं बघत राहिला. बरेचसे मिल्कशेक भल्या सकाळी जात होते, एकट्या आलेल्या माणसांकडे, थेट गाडीत. लांबचा कंटाळवाणा प्रवास सुसह्य व्हावा आणि दुपारपर्यंत भूक लागू नये, या 'कामा'साठी ते मिल्कशेकला जणू नोकरीवर ठेवत होते. म्हणजे स्पर्धा केळ्याशी आणि डोनटशी!

हार्वर्डच्या क्लेटन ख्रिस्टेन्सन यांनी ही गोष्ट २०१६ च्या 'कॉम्पिटिंग अगेन्स्ट लक'मध्येही सांगितली आहे. ग्राहकाचं वय-उत्पन्न सोडून त्याची परिस्थिती बघा, हा त्यातला मुद्दा मला पटतो. पण पुरावा म्हणून ही गोष्ट वापरायला गेलात की अडचण येते. साखळीचं नाव दिलेलं नाही, त्यामुळे बाहेरच्या कुणाला ती तपासता येत नाही. वर्गात शिकवायला उत्तम; सिनॉप्सिसमध्ये आधार म्हणून नको.

दुसरी अडचण जास्त खोल आहे. 'काम' नेमकं कुठल्या पातळीवर थांबवायचं? शोधगंगाचंच घ्या. तिथे येणाऱ्या विद्यार्थ्याचं काम काय? प्रबंध डाउनलोड करणं? आपला विषय आधी कुणी केलाय का ते बघणं? की साहित्य-आढावा कसा मांडतात ते शिकणं? पहिलं उत्तर धरलंत तर फाइल पटकन उघडणं महत्त्वाचं, दुसऱ्यात शोध महत्त्वाचा, आणि तिसऱ्यासाठी प्रकरणवार सुट्या पीडीएफ उलट सोयीच्याच. तिन्ही उत्तरं खरी आहेत. कुठलं निवडायचं ते सिद्धांत सांगत नाही, संशोधक ठरवतो. आणि खप वाढल्यावर 'हेच ते काम होतं' असं मागाहून म्हणता येत असेल, तर सिद्धांत चुकीचा ठरायचा कधी?

अँथनी उलविक यांनी यावर आकड्यांचा मार्ग काढला (२००२ चा हार्वर्ड बिझनेस रिव्ह्यूमधला लेख वाचाच). अपेक्षित परिणामांची यादी करा, प्रत्येकाचं महत्त्व आणि समाधान १० पैकी विचारा, मग संधी = महत्त्व + (महत्त्व − समाधान). दिसायला शास्त्रीय. आता करून बघा: महत्त्व ९, समाधान ६, उत्तर १२. महत्त्व ६, समाधान ०, उत्तर पुन्हा १२. एकीकडे अत्यंत गरजेची गोष्ट बरी चाललीय, दुसरीकडे मध्यम गरजेची पूर्ण कोलमडलीय, आणि सूत्राला दोन्ही सारख्याच! महत्त्व दोनदा का मोजायचं, हा प्रश्न तर तुमचा व्हायवा घेणारा विचारणारच. शिवाय हे क्रमदर्शक मापन. ९ आणि ८ मधलं अंतर ३ आणि २ मधल्या अंतराएवढंच आहे, हे आपण गृहीत धरतोय.

मग सोडून द्यायचं का हे सगळं? मी तरी सोडलेलं नाही. बॉब मोएस्टा यांच्या पद्धतीच्या मुलाखती, म्हणजे खरेदीचा पहिला विचार कधी आला इथपासून प्रत्यक्ष पैसे देण्यापर्यंतचा क्रम काढणं, गृहीतकं सुचवायला फार उपयोगी पडतात. फक्त 'काम' कुठल्या पातळीवर धरलंय ते डेटा गोळा करण्याआधी लिहून ठेवा, तारखेसकट. आणि महत्त्व-समाधानाचे आकडे एकत्र न करता आलेखावर दोन अक्षांवर वेगवेगळे दाखवा. वरचे दोन १२ तिथे लगेच वेगळे दिसतात.