मर्यादा शून्य असेल तर प्रश्नावली काय मोजते?

परदेशी अभ्यासांत विचारतात: हंगामात दोनच हरणांची मुभा असेल तर तुम्ही नर माराल की मादी? ही प्रश्नावली चंद्रपूर-गडचिरोलीत जशीच्या तशी आणू नका. १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात आधी शिकारीचे परवाने होते. १९९१च्या दुरुस्तीने ते गेले. आता चितळाची मर्यादा शून्य. खरं बोलणारा तुरुंगात जाऊ शकतो. म्हणजे वहीतलं 'नाही' शिकार मोजत नाही, भीती मोजतं.

त्यापेक्षा नाणं द्या, त्याने ते लपवून उडवावं. छापा पडला तर 'हो' म्हणायचं, काटा पडला तर खरं सांगायचं. १०० जणांत ६० 'हो' आले, तर साधारण ५० नाण्याचे; उरलेल्या ५० पैकी १० खरे, म्हणजे २० टक्के. कोण ते तुम्हालाही कळत नाही, आणि कळूही नये.