एका गाणाऱ्याची बखर

गाणे कसे सुचते, हा प्रश्न रसिकांनी गीतकाराला विचारावा आणि गीतकाराने हसून त्याला बगल द्यावी, ही रीत फार जुनी आहे. अमेरिकेतील गीतकार-गायक बॉब डिलन याने २००४ साली, वयाच्या त्रेसष्टाव्या वर्षी, आपल्या आठवणींचा पहिला खंड प्रसिद्ध केला, तेव्हा वाचकांना त्याच्याकडून हेच उत्तर हवे होते. पुढे २०१६ साली त्याला साहित्याचे नोबेल पारितोषिक मिळाले आणि गीताला साहित्य म्हणावे की नाही, यावर मोठा वाद माजला. त्या वादात हिरिरीने उतरणाऱ्यांनी आधी हे पुस्तक वाचावे, असे मला वाटते.

पुस्तकाचे नाव ‘क्रॉनिकल्स’. आपल्या भाषेत त्याला एकच शब्द शोभेल : बखर. बखरकार सनावळीची फारशी पर्वा करीत नाही, मधली वर्षे खुशाल गाळतो, ऐकीव आणि पाहिलेले एकत्र कालवतो. पण माणसे मात्र डोळ्यांपुढे उभी करतो. डिलनची तऱ्हाही हीच आहे. पुस्तक १९६१ मध्ये सुरू होते, तेथून १९७० च्या आसपास येते, मग एकदम १९८७ मध्ये उडी घेते आणि शेवटी फिरून १९६१ कडे वळते. ज्या १९६३ ते १९६६ या वर्षांनी त्याचे नाव जगभर नेले, ती वर्षे त्याने जवळजवळ वगळलीच आहेत. यशाची कहाणी ऐकायला आलेला वाचक येथे निराश होतो. उमेदवारीची कहाणी ऐकायला आलेला मात्र तृप्त होऊन उठतो.

आणि ती उमेदवारी मोठी विलक्षण आहे. लोखंडाच्या खाणींच्या गावात वाढलेला एकोणीस वर्षांचा हा मुलगा १९६१ च्या जानेवारीत, कडाक्याच्या थंडीत, न्यूयॉर्कला येतो. ग्रीनिच व्हिलेजमधील लहानसहान कॉफीगृहांत तो गातो; पण गातो ती दुसऱ्यांची, पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेली गाणी. स्वतःची गाणी लिहिण्याची त्याला मुळीच घाई नाही. माइक सीगर हा गायक जुनी लोकगीते इतक्या सहजपणे गातो की, ती त्याच्या रक्तातच असावीत. आपण कितीही खपलो तरी तेथवर पोहोचणार नाही, हे या मुलाला कळून चुकते. आपल्याला आपलीच गाणी रचावी लागतील, हा विचार त्याच्या मनात तेथे मूळ धरतो. आपल्या मर्यादेची अशी स्वच्छ ओळख विसाव्या वर्षी किती जणांना होते?

मग तो शिकू लागतो. सार्वजनिक ग्रंथालयात बसून १८५५ ते १८६५ या काळातील वर्तमानपत्रे वाचतो, कारण यादवी युद्धाच्या त्या दिवसांतील माणसे कशी बोलत होती, हे त्याला कानात साठवायचे आहे. लांबलचक कविता पाठ करतो. रॉबर्ट जॉन्सन या दिवंगत निग्रो गायकाची ध्वनिमुद्रिका हाती येताच त्याची कडवी कागदाच्या चिटोऱ्यांवर उतरवून काढतो आणि ओळीला ओळ कशी जोडली आहे, हे न्याहाळत बसतो. ब्रेख्त आणि कुर्ट वाइल यांचे ‘पायरेट जेनी’ हे गाणे रंगमंदिरात ऐकल्यावर तो ते घड्याळजीने घड्याळ उघडावे तसे उघडतो आणि त्याचा धसका मनाला नेमका कशाने बसतो, हे शोधतो. गाणे कसे सुचते, या प्रश्नाचे त्याचे उत्तर येथे आहे, आणि ते प्रतिभेच्या भरतीबद्दल नाही. हजार गाणी आधी कानांनी आणि कंठाने पचवावी लागतात, एवढेच तो सांगतो.

यातील सर्वांत हृद्य प्रसंग वुडी गथ्री याचा. लोकगीतांचा हा थोर कवी न्यू जर्सीच्या रुग्णालयात असाध्य व्याधीने खिळून पडलेला. डिलन त्याला त्याचीच गाणी गाऊन दाखवतो. चाली न लावलेल्या गीतांची एक पेटी आपल्या कोनी आयलंडच्या घरी आहे, ती तू घे, असे वुडी त्याला सांगतो. मुलगा निघतो, गुडघाभर पाण्यातून, गारठत त्या घरी पोहोचतो. वुडीची पूर्वीची बायको घरी नसते, लहान मुलाला पेटी ठाऊक नसते. तो रिकाम्या हाताने परततो. ती गीते पुढे जवळजवळ चाळीस वर्षांनी दुसऱ्याच गायकांच्या हाती आली. डिलन याबद्दल हळहळत नाही. वारसा पेटीतून मिळत नाही, हे कदाचित त्याला परतीच्या वाटेवरच उमगले असावे.

दौऱ्यांविषयीचे प्रकरण याहून कठोर आहे. १९८७ साली हा जगन्मान्य गायक मोठमोठ्या मैदानांत गात होता आणि आतून पार कोरडा पडला होता. स्वतःचीच गाणी त्याला परक्याची वाटत. ‘ग्रेटफुल डेड’ या वाद्यवृंदाने तालमीत त्याला त्याचीच विस्मरणात गेलेली गाणी गाण्याचा आग्रह केला, तेव्हा काही निमित्त काढून तो चक्क निसटला. जवळच्या एका लहानशा मद्यगृहात एक वयस्कर गायक गात होता. आवाज मोठा नव्हता. पण जोर कोठून आणायचा, हे त्याला माहीत होते. ते ऐकून डिलन तालमीला परतला. पुढे स्वित्झर्लंडमधील लोकार्नो येथे, भर कार्यक्रमात कंठ अडल्यावर, त्याला पुन्हा आपला सूर गवसला. मग त्याने ठरवले की, वर्षाला दोनशे कार्यक्रम करायचे, त्याच त्या गावी फिरून फिरून जायचे, म्हणजे जुने भक्त गळतील आणि नवे कान येतील. १९८८ च्या जूनमध्ये सुरू झालेला तो दौरा तीस वर्षांहून अधिक काळ चालला आणि त्यात तीन हजारांवर कार्यक्रम झाले. आपल्या कीर्तनकाराला यात नवल वाटणार नाही. तोच अभंग रोज नव्याने उभा करावा लागतो, हे त्याला ठाऊकच असते.

आता दोषाकडे. या पुस्तकातील कितीतरी वाक्ये जॅक लंडन, मार्क ट्वेन आणि जुन्या साप्ताहिकांतून नाव न घेता उचललेली आहेत, असे अभ्यासकांनी दाखवून दिले आहे. लोकगीत असेच घडते, असा बचाव काही जण करतात. मला तो पटत नाही. गाण्यात जुनी चाल घेतली तर श्रोता ती ओळखतो. ती उघड उसनवारी असते आणि ओळखण्यात त्यालाही आनंद असतो. आत्मकथेत लेखक ‘मी’ म्हणतो आणि वाचक त्या शब्दावर विसंबतो. तेथे दुसऱ्याचे वाक्य आपल्या आठवणीच्या जागी बसवणे हा त्या विश्वासाला दिलेला चकवा होय. गीतकाराला जे शोभते ते सर्वच आत्मचरित्रकाराला शोभत नाही.

तरीही हे पुस्तक घराघरांतील गाण्याची हौस असलेल्या मुलामुलींच्या हाती द्यावे. मात्र ते बखर म्हणून वाचायला सांगावे. त्यातील तारखांवर आणि संवादांवर फार भिस्त ठेवू नये. ग्रंथालयात जुनी वर्तमानपत्रे उलटणारा आणि दुसऱ्याची कडवी चिटोऱ्यांवर उतरवून घेणारा तो मुलगा त्यांनी नीट पाहून घ्यावा. मला त्याच्याविषयी तिळमात्र शंका नाही. त्याच्या रियाजाची साक्ष त्याची गाणीच देतात.