‘ॲट लँड’मधील नायिकेचा ठावठिकाणा

स्त्रीचे साहस हा विषय असलेल्या लघुचित्रपटांत निसर्गाकडे बहुधा ठरावीक काम सोपविलेले असते. एक तर तो नायिकेने जिंकावयाचा प्रतिस्पर्धी असतो, नाही तर समाजाने दुखावलेल्या नायिकेचे माहेर. माया डेरेन (१९१७–१९६१) या अमेरिकन दिग्दर्शिकेचा ‘ॲट लँड’ (१९४४) हा सुमारे पंधरा मिनिटांचा मूकपट दुसऱ्या वर्गात टाकण्याचा मोह सहज होतो. त्याहूनही सोपे म्हणजे त्यास स्वप्नपट म्हणून मोकळे होणे. हे दोन्ही अर्थ एका ठळक गोष्टीकडे डोळेझाक करतात, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे. या नायिकेकडे कोण पाहते आणि कोण पाहत नाही, ही ती गोष्ट होय.

आरंभी लाटा एका स्त्रीला वाळूवर आणून सोडतात आणि उलट्या पावली समुद्रात परततात. ही भूमिका डेरेननेच केली आहे. छायाचित्रण हेला हेमन आणि डेरेनचा पती अलेक्झांडर हॅमिड यांचे. किनाऱ्यावरील वठलेल्या झाडाला धरून ती वर चढते, तो तिचे डोके एका लांबलचक मेजाच्या कडेवर येते. मेजाभोवती सभ्य स्त्रीपुरुष धूम्रपानात व गप्पांत मग्न आहेत. ती पोटावर सरपटत दुसऱ्या टोकाकडे निघते. मधूनमधून हेच सरपटणे झाडाझुडपांतून चाललेले दिसते. मेजावरील कोणीही तिची दखल घेत नाही.

संकलनाचे जे तत्त्व येथे वापरले आहे, त्यातच चित्रपटाचा अर्थ आहे. एका स्थळी सुरू झालेली हालचाल दुसऱ्या स्थळी पुरी होते. स्थळ तुटते, देह तुटत नाही. स्वप्नातील स्थळे धूसर होऊन एकमेकांत मिसळतात. येथे मेज हे मेजच राहते आणि झुडपे ही झुडपेच. आपल्या चित्रपटांचे फ्रॉइडप्रणीत प्रतीकवाचन डेरेनला मान्य नव्हते, ते उगीच नव्हे.

एलिओनोरा हे मूळ नाव टाकून तिने १९४३ मध्ये ‘माया’ हे नाव घेतले. तेवढ्यावरून आपल्याकडील वाचकाने वेदान्ताचा धागा शोधू लागावे हे स्वाभाविक असले, तरी या चित्रपटात तो हाती लागत नाही. चरित्राचेही तसेच. तिचे ज्यू कुटुंब १९२२ मध्ये कीव्ह सोडून अमेरिकेस आले. तेव्हा किनाऱ्यावर येऊन पडलेली स्त्री म्हणजे निर्वासित, हे समीकरण कोणासही सुचेल. परंतु ही स्त्री कोणाकडे आश्रय मागतच नाही. मेजाच्या टोकाशी बुद्धिबळाचा डाव मांडलेला आहे. त्यातील एक मोहरा खाली पडून खडकांवरून पाण्यात वाहत जातो, आणि ती त्याच्या मागे लागते. तिचे साहस ते हेच.

मध्यंतरीचा भाग उणा वाटतो. वाटेने तिच्याबरोबर चालणारा पुरुष पुनःपुन्हा बदलतो (त्यांपैकी एक संगीतकार जॉन केज). पहिल्या बदलाने नवल वाटते, पुढे ती नुसती युक्ती उरते.

समुद्रकाठी दोन स्त्रिया बुद्धिबळ खेळत असतात, तो प्रसंग मात्र असामान्य आहे. नायिका त्यांच्या केसांवरून हात फिरविते. त्या सुखावून माना मागे टाकतात. मेजाशी जे मिळाले नाही ते येथे सहज मिळते. आपलेपणाची कथा सांगावयाची असती तर चित्रपट येथेच थांबता. पण त्या बेसावध असताना नायिका पटावरील मोहरा उचलून पळत सुटते. स्त्रियांच्या सख्यात नायिकेला विसावा देण्याचा मार्ग डेरेनला मोकळा होता. तो तिने टाळला, हे तिच्या वृत्तीचे निदर्शक आहे.

नंतर ती मागील सर्व स्थळांतून उलट धावत जाते. तेथे तिचीच पूर्वीची रूपे अजून आपापल्या कामात आहेत. एक मेजावर, दुसरी किनाऱ्यावर दगड वेचताना. धावणाऱ्या स्त्रीकडे ती मान वर करून पाहतात. मेजाभोवतीच्या माणसांनी नाकारलेली नजर तिला अशी स्वतःकडूनच मिळते. समुद्र, खडक, वाळू यांपैकी काहीही तिला आपली म्हणत नाही की परकी म्हणत नाही. तिचे वजन तेवढे पेलते.

पुढल्याच वर्षी डेरेनने ‘अ स्टडी इन कोरिऑग्राफी फॉर कॅमेरा’ हा जेमतेम तीन मिनिटांचा चित्रपट केला. त्यात टॅली बीटी हा नर्तक रानात पाऊल उचलतो आणि ते घरातील खोलीत टेकवितो. तेथून संग्रहालयात, अखेर एका उडीसरशी पुन्हा उघड्यावर. संकलनाचे तंत्र तेच, हात अधिक सफाईदार. त्याला पाहणारे मात्र चित्रपटात कोणीच नाही, आणि त्याला त्याची उणीवही भासत नाही.