‘सुरक्षित’ जोडणीची चिकित्सा : सर्व्हरवरील कूटबद्ध संपर्क आणि संस्थेची जबाबदारी

प्रस्तावना

रायगड जिल्ह्यात पेण येथील रामवाडीत महाराष्ट्र राज्य मार्ग परिवहन महामंडळाच्या रायगड विभागाचे विभागीय कार्यालय आहे. एकेकाळी एस.टी.च्या आगाऊ आरक्षणासाठी प्रवाशाला खिडकीपाशी रांग लावावी लागे. आज तो भ्रमणध्वनीवरून आसन राखून ठेवू शकतो आणि भाडेही तेथूनच भरू शकतो. पेण व रोहा तालुक्यांतील शेतकरी सातबारा उतारा इंटरनेटवर पाहतो. विद्यार्थी प्रवेश अर्ज, जातीच्या दाखल्याची प्रत आणि बँक खात्याचा क्रमांक त्याच मार्गाने पाठवितो. खिडकीवर समोरचा कर्मचारी, त्याचा शिक्का आणि पावती डोळ्यांना दिसत असे. नव्या व्यवहारात त्या साऱ्यांची जागा पत्त्याच्या आरंभी असलेल्या ‘एच.टी.टी.पी.एस.’ या अक्षरांनी आणि ‘जोडणी सुरक्षित आहे’ या वाक्याने घेतली आहे.

या वाक्यातील ‘सुरक्षित’ हा शब्द नेमके काय सांगतो आणि काय सांगत नाही, याची चिकित्सा प्रस्तुत लेखात केली आहे. कूटबद्ध जोडणी दोन टोकांमधील वाट सुरक्षित करते आणि पलीकडच्या टोकाच्या नावाची ग्वाही देते. याहून अधिक काहीही ती करत नाही. एवढे कार्यही सर्व्हर सांभाळणारी संस्था सतत जागरूक असेल तोवरच टिकते. ही जोडणी म्हणजे एकदा विकत घेऊन बसविण्याची वस्तू आहे, हा शैक्षणिक व सहकारी संस्थांमध्ये आढळणारा समज त्यामुळे चिकित्सेस पात्र ठरतो.

संकल्पनेचे स्वरूप

ब्राउझर आणि सर्व्हर यांच्यातील कूटबद्ध संपर्काला आज ‘टी.एल.एस.’ या नावाने ओळखले जाते. हा संपर्क तीन गोष्टी साधतो. मधल्या कोणालाही मजकूर वाचता येत नाही, ही गोपनीयता. वाटेत मजकूर बदलल्यास तो बदल लपत नाही, ही अखंडता. आणि ज्या नावाच्या सर्व्हरशी बोलावयाचे आहे त्याच्याशीच आपण बोलत आहोत, ही ओळखीची खात्री.

पहिल्या दोन गोष्टी गणिताच्या बळावर साधतात. दोन्ही पक्ष काही संख्यांची देवाणघेवाण करून एक सामाईक किल्ली निश्चित करतात आणि पुढील संभाषण त्या किल्लीने कूटबद्ध होते. तिसरी गोष्ट मात्र गणिताने एकट्याने साधत नाही. सर्व्हर आपले प्रमाणपत्र सादर करतो. त्यावर एखाद्या प्रमाणन प्राधिकरणाची डिजिटल स्वाक्षरी असते. ब्राउझर किंवा संगणक प्रणाली त्या प्राधिकरणाला विश्वासार्ह मानत असेल, तरच प्रमाणपत्र स्वीकारले जाते. म्हणजे ओळखीची खात्री अखेरीस कोणत्या तरी संस्थेच्या सचोटीवर उभी असते.

हा भेद न कळल्यामुळे मोठी चूक घडते. सर्व्हरने स्वतःच स्वाक्षरी केलेले प्रमाणपत्र वापरले तरी मजकूर कूटबद्ध होतोच. मग इशाऱ्याकडे लक्ष कशाला द्यावयाचे, असा युक्तिवाद अनेकदा केला जातो. परंतु पलीकडे कोण आहे हेच ठाऊक नसेल, तर लखोटा कितीही घट्ट बंद केला तरी तो भलत्याच माणसाच्या हाती पडू शकतो. मध्ये बसलेला चोर स्वतःचे प्रमाणपत्र पुढे करील आणि मजकूर कूटबद्ध स्वरूपात थेट त्याच्याकडे जाईल.

नियमांचा इतिहास : ४० बिट आणि १२८ बिट

नेटस्केप कंपनीने १९९५ साली एस.एस.एल. या पद्धतीची दुसरी आवृत्ती प्रसृत केली आणि पुढील वर्षी तिसरी. जानेवारी १९९९ मध्ये टी.एल.एस. १.० हे मानक आले. २००८ साली १.२ आणि ऑगस्ट २०१८ मध्ये १.३ ही आवृत्ती प्रसिद्ध झाली. यांतील जुन्या आवृत्त्या एकामागून एक बाद होत गेल्या. एस.एस.एल.ची दुसरी आवृत्ती २०११ साली, तिसरी २०१५ साली आणि टी.एल.एस.च्या १.० व १.१ या आवृत्त्या मार्च २०२१ मध्ये मानक ठरविणाऱ्या संस्थेनेच त्याज्य ठरविल्या. ज्या सर्व्हरवर २००५ साली उत्तम मांडणी केली होती, तो हात न लावता तसाच ठेवला असेल, तर आज तो असुरक्षित ठरतो.

भारतीय धोरणाचा इतिहास याहून उद्बोधक आहे. इंटरनेट सेवा पुरवठादारांच्या परवान्यातील अटीनुसार पूर्वपरवानगीशिवाय ४० बिट लांबीच्या किल्लीपर्यंतच कूटलेखन वापरण्याची मुभा होती. दुसरीकडे, रिझर्व्ह बँकेने जून २००१ मध्ये इंटरनेट बँकिंगविषयी काढलेल्या मार्गदर्शक सूचनांत ब्राउझर व सर्व्हर यांच्यातील संपर्कासाठी किमान १२८ बिट एस.एस.एल.ची शिफारस केली. एकाच देशातील दोन नियामकांपैकी एकाला दुबळे कुलूप हवे होते, तर दुसऱ्याला भक्कम. किल्लीतील प्रत्येक वाढीव बिटागणिक शक्यतांची संख्या दुप्पट होते, हे लक्षात घेता ४० आणि १२८ यांतील अंतर तिपटीचे नसून अंकगणिताच्या नेहमीच्या कल्पनेपलीकडचे आहे.

माहिती तंत्रज्ञान अधिनियम, २००० मध्ये २००८ च्या दुरुस्तीने कलम ८४-अ आले आणि कूटलेखनाच्या पद्धती विहित करण्याचा अधिकार केंद्र सरकारला मिळाला. त्यानुसार सप्टेंबर २०१५ मध्ये राष्ट्रीय कूटलेखन धोरणाचा मसुदा प्रसिद्ध झाला. कूटबद्ध केलेल्या माहितीची साधी प्रत ९० दिवस जतन करण्याची त्यातील अपेक्षा तीव्र टीकेचा विषय झाली आणि मसुदा लगेच मागे घेण्यात आला. कुलूप लावा, पण आतील वस्तूची प्रत बाहेर ठेवा, असे सांगणारा नियम कुलपाचा हेतूच नाहीसा करतो. या टीकेत तथ्य होते.

विश्वासाच्या साखळीतील उणीव

प्रमाणन प्राधिकरणावरील विश्वास किती नाजूक असतो, याचे भारतीय उदाहरण २०१४ सालचे आहे. जुलै महिन्याच्या आरंभी गूगलच्या मालकीच्या काही संकेतस्थळांच्या नावे अनधिकृत प्रमाणपत्रे दिली गेल्याचे त्या कंपनीच्या लक्षात आले. ही प्रमाणपत्रे राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्राच्या, म्हणजेच एन.आय.सी.च्या, प्रमाणन प्राधिकरणाकडून निघाली होती. या प्राधिकरणाची साखळी भारताच्या प्रमाणन प्राधिकरण नियंत्रकांच्या मूळ प्रमाणपत्राशी जोडलेली होती आणि ते मूळ प्रमाणपत्र मायक्रोसॉफ्टच्या विंडोज प्रणालीत विश्वासार्ह म्हणून समाविष्ट होते. नियंत्रकांनी संबंधित प्रमाणपत्रे तातडीने रद्द केली. पुढे गूगलने आपल्या ब्राउझरमध्ये या भारतीय साखळीवरील विश्वास मोजक्या सात क्षेत्रनामांपुरता मर्यादित केला.

या प्रकरणात कूटलेखनाचे गणित कोठेही मोडले नव्हते. ज्या संस्थेने ‘हा सर्व्हर त्याच नावाचा आहे’ अशी ग्वाही द्यावयाची, तिच्याच व्यवस्थेतून खोटी ग्वाही निघाली. नेदरलँड्समधील डिजिनोटार या कंपनीबाबत २०११ साली असेच घडले आणि ती कंपनी त्याच वर्षी दिवाळखोरीत गेली. ‘सुरक्षित’ हा शिक्का शेवटी माणसांच्या कार्यपद्धतीवर अवलंबून आहे, हेच या दोन्ही घटनांतून स्पष्ट होते.

मांडणीतील दोषांची चिकित्सा

सर्व्हरवर कूटबद्ध जोडणीची मांडणी करताना होणारे दोष बहुधा अज्ञानापेक्षा अनास्थेतून जन्मतात. त्यांचे चार प्रकार करता येतात.

पहिला दोष खाजगी किल्लीबाबतचा. प्रमाणपत्र सर्वांना दाखविण्यासाठी असते. त्याच्या जोडीची खाजगी किल्ली मात्र सर्व्हरबाहेर जाता कामा नये. ती ई-मेलने कंत्राटदाराला पाठविणे किंवा अनेक सर्व्हरवर उतरवून ठेवणे म्हणजे तिजोरीची किल्ली दारावर टांगणे होय. एप्रिल २०१४ मध्ये उजेडात आलेल्या ‘हार्टब्लीड’ या ओपन एस.एस.एल.मधील दोषामुळे सर्व्हरच्या स्मृतीतील मजकूर बाहेरून वाचता येत होता आणि त्यात खाजगी किल्लीही हाती लागू शकत होती. अशा वेळी केवळ प्रणाली अद्ययावत करून भागत नाही. किल्ली व प्रमाणपत्र दोन्ही बदलावी लागतात.

दुसरा दोष अपुऱ्या साखळीचा. सर्व्हरने स्वतःच्या प्रमाणपत्रासोबत मधल्या प्राधिकरणाचे प्रमाणपत्रही सादर करावयाचे असते. ते न दिल्यास एका संगणकावर पान उघडते आणि दुसऱ्यावर इशारा येतो. कार्यालयातील संगणकावर सर्व ठीक दिसल्याने तक्रार करणाऱ्यालाच चुकीचा ठरविले जाते.

तिसरा दोष अर्धवट मांडणीचा. प्रवेशाचे पान कूटबद्ध, परंतु मुखपृष्ठ साध्या स्वरूपात, असे असेल तर मधला चोर मुखपृष्ठावरील दुवाच बदलू शकतो. म्हणून संपूर्ण संकेतस्थळ कूटबद्ध जोडणीवर नेणे आणि पुढील भेटीत ब्राउझरने साध्या जोडणीचा प्रयत्नच करू नये, अशी सूचना सर्व्हरने देणे आवश्यक ठरते.

चौथा दोष मुदतीचा. प्रमाणपत्राची मुदत संपली की ब्राउझर इशारा देतो. ऐन प्रवेशाच्या दिवसांत असे घडल्यास ‘इशारा ओलांडून पुढे जा’ असे विद्यार्थ्यांना सांगितले जाते. सर्व दोषांत हा सर्वांत घातक होय. इशारा ओलांडण्याची सवय एकदा शिक्षणसंस्थेनेच लावली, की बँकेच्या बनावट पानावरही तोच विद्यार्थी तसेच वागेल. शिकविणे हेच ज्या संस्थेचे कार्य, तिने नकळत असुरक्षिततेचा पाठ द्यावा, ही विसंगती गंभीर आहे.

येथे एक आक्षेप संभवतो. ग्रामीण महाविद्यालयांकडे स्वतंत्र तंत्रज्ञ नसतो आणि संकेतस्थळ कंत्राटदाराच्या हाती असते. त्यांच्याकडून एवढी अपेक्षा कशी करावी? आक्षेपात तथ्य आहे, परंतु खर्चाचे कारण आता उरलेले नाही. ‘लेट्स एन्क्रिप्ट’ ही ना-नफा सेवा डिसेंबर २०१५ पासून सर्वांना विनामूल्य प्रमाणपत्रे देत आहे आणि त्यांचे नूतनीकरण आपोआप होऊ शकते. शिवाय एप्रिल २०२५ मध्ये प्रमाणन प्राधिकरणे व ब्राउझर कंपन्या यांच्या मंचाने प्रमाणपत्राची कमाल मुदत टप्प्याटप्प्याने घटवून मार्च २०२९ पासून ४७ दिवसांवर आणण्याचे ठरविले. वर्षातून एकदा कोणाला तरी आठवण होईल, यावर विसंबलेली व्यवस्था यापुढे टिकणार नाही. कंत्राटदार असला तरी क्षेत्रनाम कोणाच्या नावे आहे, किल्ली कोणाजवळ आहे आणि नूतनीकरण कोण पाहतो, या तीन प्रश्नांची लेखी उत्तरे संस्थेच्या दप्तरी असावयास हवीत.

मूल्यमापनाची दृष्टीही येथे तपासावी लागेल. नॅकच्या २०१७ च्या सुधारित आराखड्यात माहिती तंत्रज्ञानविषयक सुविधांच्या संदर्भात विद्यार्थी-संगणक गुणोत्तर आणि इंटरनेटची बँडविड्थ यांना स्थान मिळाले. संख्या मोजणे सोपे असते, देखभाल मोजणे कठीण. परंतु वाट किती रुंद आहे एवढेच पाहून तिच्यावरून जाणाऱ्याचे सामान सुखरूप पोहोचते काय, हे कळत नाही.

‘सुरक्षित’ शब्दाच्या मर्यादा

मांडणी निर्दोष असली तरी कूटबद्ध जोडणी वाटेपुरतीच असते. ऑगस्ट २०१८ मध्ये पुण्याच्या कॉसमॉस सहकारी बँकेतून सुमारे ९४ कोटी रुपये लंपास झाले. चोरट्यांनी बँकेच्या यंत्रणेतच शिरकाव करून बनावट प्रॉक्सी स्विच उभा केला आणि पैसे काढण्याच्या मागण्यांना त्यावरून मंजुरी मिळत गेली. टोकावरची यंत्रणाच परक्याच्या ताब्यात गेल्यावर वाटेवरील कुलूप निरुपयोगी ठरते.

नावाची ग्वाही आणि वर्तनाची ग्वाही यांतील अंतर पेणकरांना वेगळे समजावून सांगण्याची गरज नाही. पेण अर्बन सहकारी बँकेवर रिझर्व्ह बँकेने २०१० साली निर्बंध घातले आणि बनावट कर्ज प्रकरणे उजेडात आली. तेथे बँकेचे नाव खरे होते, इमारत खरी होती आणि ठेवीदारांच्या हातातील पासबुकही खरे होते. प्रमाणपत्रही असेच नाव खरे असल्याचे सांगते. त्या नावामागचा व्यवहार सचोटीचा आहे की नाही, हे तपासण्यासाठी लेखापरीक्षण आणि उत्तरदायित्वच लागते.

सातबाऱ्याचे उदाहरण तिसरी मर्यादा दाखविते. संकेतस्थळाची जोडणी कूटबद्ध असल्याने उतारा वाटेत बदलत नाही. परंतु उतरवून घेतलेल्या प्रतीबद्दल ती जोडणी पुढे काहीच सांगू शकत नाही. महाराष्ट्र शासनाने २०१८ साली सुरू केलेल्या डिजिटल स्वाक्षरीयुक्त सातबाऱ्यात ग्वाही दस्तऐवजाबरोबरच प्रवास करते. वाटेचे संरक्षण आणि दस्तऐवजाचे संरक्षण ही दोन भिन्न कार्ये आहेत.

या मर्यादा ओळखूनच गूगलने सप्टेंबर २०२३ मध्ये आपल्या ब्राउझरमधील कुलपाचे चिन्ह काढून टाकले. कुलूप दिसले की संकेतस्थळच विश्वासार्ह, असा चुकीचा अर्थ वापरकर्ते घेत होते आणि फसवणूक करणारी संकेतस्थळेही रीतसर प्रमाणपत्र मिळवीत होती.

निष्कर्ष

‘सुरक्षित जोडणी’ या शब्दप्रयोगापेक्षा ‘कूटबद्ध जोडणी’ हा शब्दप्रयोग अधिक प्रामाणिक आहे. तो साधन सांगतो, फलाचे आश्वासन देत नाही. डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण अधिनियम, २०२३ ने माहिती गोळा करणाऱ्यावर वाजवी सुरक्षा उपायांचे बंधन घातले असून त्यातील कसुरीसाठी २५० कोटी रुपयांपर्यंत दंडाची तरतूद केली आहे. विद्यार्थ्यांची माहिती संगणकावर ठेवणारे महाविद्यालयही या जबाबदारीपासून अलिप्त राहू शकत नाही. त्यासाठी मोठ्या यंत्रसामग्रीची गरज नाही. जबाबदार व्यक्तीची लेखी नेमणूक, आपोआप होणारे नूतनीकरण, जुन्या आवृत्त्या बंद करणे, संस्थेबाहेरील संगणकावरून नियमित तपासणी आणि विद्यार्थ्याला इशारा ओलांडण्यास कधीही न सांगणे, एवढी शिस्त पुरेशी आहे. रामवाडीहून पाठविलेला अर्ज वाटेत कोणी वाचू नये, हे तंत्रज्ञान पाहील. तो पोहोचल्यानंतर त्याचे काय होते, हे मात्र संस्थेलाच पाहावे लागेल.