हक्काच्या दारातील याचक

केन लोच या ब्रिटिश दिग्दर्शकाच्या 'आय, डॅनियल ब्लेक' या बोलपटास २०१६ साली फ्रान्समधील कान येथील महोत्सवात सर्वोच्च पारितोषिक मिळाले. तेव्हापासून त्याच्याविषयी जे लिहिले गेले, त्यात 'दारिद्र्याचे विदारक चित्र' हा शेरा हटकून आढळतो. आम्हांस तो अपुरा वाटतो. दारिद्र्याची चित्रे पुष्कळ निघाली आहेत. खुद्द लोच यांनीच १९६६ साली बी. बी. सी.साठी केलेल्या 'कॅथी कम होम'मध्ये एका बेघर होत जाणाऱ्या कुटुंबाचे चित्र काढले होते. प्रस्तुत बोलपटाचा विषय निराळा आहे. कायद्यानेच देऊ केलेले साहाय्य मागावयास आलेल्या माणसाला दारात उभे राहून काय काय सिद्ध करून द्यावे लागते, हा तो विषय होय. आमच्या वाचकांपैकी अनेक जण देवस्थानांच्या मंडळांवर आहेत, म्हणजे देणाऱ्याच्या बाजूला बसणारे आहेत. म्हणून त्यांचे लक्ष या बोलपटाकडे मुद्दाम वेधावेसे वाटते.

प्रारंभी पडदा काळाच राहतो आणि नुसते आवाज ऐकू येतात. एक बाई ठराविक प्रश्न विचारीत आहे: हात वर उचलता येतो काय, कोणाच्या मदतीवाचून इतके पाऊल चालता येते काय, घड्याळाचा गजर लावता येतो काय? उत्तर देणारा एकोणसाठ वर्षांचा सुतार आहे. त्याला कामावर असताना हृदयविकाराचा झटका येऊन गेलेला आहे, आणि तो पुन्हा पुन्हा सांगतो आहे की, बाई, हातपाय धड आहेत, दुखणे हृदयाचे आहे, त्याविषयी विचारा. परंतु हृदयाविषयीचा प्रश्न तिच्या कागदावर नाही. ती जे विचारते ते कागदावर आहे म्हणून विचारते, आणि कागदावर नसलेले ऐकण्याची तिला मुभा नाही. माणसाचा चेहरा दिसण्यापूर्वी त्याचा अर्ज आपल्यापुढे येतो! या एका कल्पनेसाठी पटकथाकार पॉल लॅव्हर्टी यांस आम्ही मनःपूर्वक धन्यवाद देतो.

यापुढे जे घडते त्याची नियमाच्या अंगाने थोडी फोड करणे अवश्य आहे, कारण कथानकाचा सारा पेच नियमांतच आहे. ब्रिटनमध्ये आजारपणामुळे काम करू न शकणाऱ्यास जो भत्ता मिळे, त्यासाठी या परीक्षेत पंधरा गुण लागत. डॅनियलला बारा मिळतात. त्याच्या डॉक्टरांचे स्पष्ट म्हणणे आहे की त्याने इतक्यात कामास हात लावू नये. खात्याचे म्हणणे की तो कामास योग्य आहे. यावर अपील करता येते. परंतु २०१३ सालापासून असा नियम झाला की, अपिलापूर्वी खात्याकडूनच आपल्या निर्णयाचा एकदा सक्तीचा फेरविचार करून घेतला पाहिजे, आणि त्या फेरविचाराच्या काळात आजारपणाचा भत्ता मिळणार नाही. तो काळ किती, याला मुदत नाही. फेरविचार मागावयाचा तर अगोदर एका अधिकाऱ्याचा दूरध्वनी यावा लागतो. येथे दूरध्वनीच्या आधी पत्र आले, म्हणून क्रम चुकला! डॅनियल कानाला यंत्र लावून पावणेदोन तासांहून अधिक वेळ व्हिवाल्डीचे संगीत ऐकत बसतो, आणि शेवटी त्याला हा क्रम समजावून सांगण्यात येतो.

मधल्या काळात खायचे काय? त्यासाठी दुसरा एक भत्ता आहे, बेकारीचा. तो घ्यावयाचा तर आपण धडधाकट आहोत, काम मिळाल्यास आजच करू आणि आठवड्यास पस्तीस तास काम शोधू, असे लिहून द्यावे लागते. म्हणजे जो माणूस एका खिडकीपाशी 'मी काम करण्यास असमर्थ आहे' असे सिद्ध करू पाहतो आहे, त्यालाच शेजारच्या खिडकीपाशी 'मी समर्थ आहे' अशी सही केल्यावाचून भाकरी मिळत नाही. दोन्ही कागद एकाच खात्याचे. यात कोणा एका कारकुनाची दुष्टाई नाही. प्रत्येक नियम सुटा घेतला तर त्याला काहीतरी कारण दाखविता येईल. ते एकत्र आले म्हणजे मात्र सरळ माणसाला असत्य बोलावयास लावतात.

बोलपटातील सर्वांत बोचणारा प्रसंग आमच्या मते येथेच आहे. डॅनियल खरोखरच पायपीट करून कामाचा शोध घेतो, पेन्सिलीने लिहिलेला आपला वृत्तान्त दारोदार देतो. एका गृहस्थाला तो पसंत पडतो आणि तो कामावर बोलावतो. आता डॅनियलला सांगावे लागते की मला हे काम करता येणार नाही, डॉक्टरांची मनाई आहे. मग आलास कशाला, असे तो गृहस्थ संतापून विचारतो, आणि त्याचा संताप अगदी रास्त आहे. चाळीस वर्षे ज्याने लाकडाशी कधी लबाडी केली नाही, तो एका परक्या माणसाच्या दृष्टीने आयतोबा ठरतो. इतकी पायपीट करूनही कचेरीत गेल्यावर, शोध घेतल्याचा पुरावा अपुरा आहे म्हणून त्याचा भत्ता रोखला जातो तो जातोच. या रोखण्याला तेथे 'सँक्शन' म्हणतात. आपल्याकडे कचेरीतून 'सँक्शन झाले' असा निरोप आला की माणूस पेढे वाटतो. त्याच शब्दाने तेथे चूल विझते. २०१२ सालच्या कायद्याप्रमाणे ही शिक्षा तीन वर्षांपर्यंत लांबविता येत असे. २०१९ साली ती कमाल मर्यादा सहा महिन्यांवर आणण्यात आली.

हा सगळा प्रकार अलीकडच्याच राजवटीने शोधून काढला, असे कोणी समजू नये. ब्रिटनमध्ये बेकारीचा विमा १९११ साली काही ठराविक धंद्यांपुरता सुरू झाला, आणि पहिल्या महायुद्धानंतर बेकारी माजताच 'हा मनुष्य काम मनापासून शोधतो आहे काय' ही अट त्यास जोडण्यात आली. मन मोजण्याचे माप कोणाकडेच नसल्यामुळे त्या अटीवर हजारोंचे अर्ज फेटाळले गेले, आणि १९३० साली ती काढून टाकावी लागली. पाठोपाठ १९३१ साली घरातील सर्वांच्या मिळकतीची झडती घेणारा नियम आला. वॉल्टर ग्रीनवुडची 'लव्ह ऑन द डोल' ही १९३३ सालची कादंबरी याच दिवसांची. ती वाचलेल्यास डॅनियलची कथा नवी वाटणार नाही; नवे आहे ते यंत्र. पूर्वी कारकून समोर बसून प्रश्न विचारीत असे. आता सगळा अर्ज संगणकावर भरावयाचा. पडद्यावरून 'माउस' वर न्या, असे सांगितल्यावर डॅनियल ती वस्तू उचलून खरोखरच पडद्यावर टेकवतो. प्रेक्षक हसतात. आम्हीही हसलो. परंतु पेन्शनीचा हयातीचा दाखला अंगठ्याच्या ठशावर देताना आपल्या घरातील वडीलधाऱ्यांची जी तारांबळ उडते, ती ज्याने पाहिली आहे त्याचे हसू फार काळ टिकत नाही.

डॅनियलच्या जोडीला केटी ही दोन मुलांची आई आहे. लंडनमध्ये निवारा मिळेना म्हणून तिला शेकडो मैल दूर न्यूकॅसलला धाडलेले आहे. परक्या शहरात बस चुकल्यामुळे ती कचेरीत उशिरा पोहोचते आणि तेवढ्यावर तिचाही भत्ता अडकतो. पुढे धर्मादाय शिध्याच्या केंद्रात पिशवी भरीत असताना ती एकाएकी घेवड्याचा डबा फोडते आणि तेथेच उभ्याने हाताने खाऊ लागते. मग आपण काय केले हे ध्यानात येऊन लाजेने कोसळते. मुलांना वाढून ती स्वतः कित्येक दिवस उपाशी राहिलेली असते. हा प्रसंग न्यूकॅसलमधील एका खऱ्याखुऱ्या केंद्रात, तेथील स्वयंसेवकांना घेऊन चित्रित केलेला आहे, आणि त्या बायांच्या वागण्यात जी मृदुता आहे ती अभिनयाने आणता आली असती असे वाटत नाही. त्या तिला काही विचारीत नाहीत. बसावयास देतात, पाणी देतात.

हे पाहताना आम्हांस देवळातील महाप्रसादाची पंगत आठवल्याशिवाय राहिली नाही. पानावर बसलेल्यास 'तुझे उत्पन्न किती, तू काम शोधतोस काय' असे कोणी विचारीत नाही. भूक हीच तेथे पात्रता. (पूर्वीच्या पंगतींत एक प्रश्न न विचारताच सोडविलेला असे, आणि कोणी कोठे बसावे हे जन्मानेच ठरलेले असे, हेही विसरून चालणार नाही.) परंतु पंगतीत न विचारणारे आपण कचेरीत मात्र विचारतो. विद्यार्थ्यास साहाय्य, विधवेस मदत, औषधोपचारासाठी अनुदान, यांकरिता देवस्थानांकडे आणि ज्ञातिसंस्थांकडे येणारे अर्ज आठवावेत. उत्पन्नाचा दाखला, दोन प्रतिष्ठितांची शिफारस, मूळ कागद, त्यांच्या साक्षांकित नकला. आणि एवढे जमवून आणल्यावर 'मंडळाची सभा पुढील महिन्यात.' पैसा समाजाचा आहे, तो योग्य हाती जावा, ही दक्षता आवश्यकच आहे. तिला आमचा विरोध नाही. प्रश्न एवढाच की दाखल्यांच्या यादीतील किती ओळी खोटा अर्जदार ओळखण्यासाठी आहेत, आणि किती केवळ खऱ्या अर्जदारास थकविण्यापुरत्या उरल्या आहेत? लबाड माणूस कागद जमविण्यात बहुधा तरबेज असतो. थकतो तो दुसराच.

सरकारी कायद्यांतही हेच आढळते. ग्रामीण रोजगार हमीच्या २००५ सालच्या कायद्यात, मागणीनंतर पंधरा दिवसांत काम न दिल्यास बेकारभत्ता देण्याचे कलम होते. पण मागणी केल्याची तारीखवार पावती हाती नसेल तर पंधरा दिवस मोजावयाचे कोठून? कामगार विमा योजनेखालील विमेदारांसाठी २०१८ साली बेकारीच्या काळात अल्प साहाय्य देणारी योजना निघाली, तेव्हा तिचा अर्ज पूर्वीच्या मालकाच्या मार्फत पाठवावयाचा होता. ज्याने कामावरून काढले त्याच्याच दाराशी पुन्हा जावयाचे! २०२० साली ही अट सैल करून विमेदारास थेट अर्ज करण्याची मुभा दिली गेली, हे चांगले झाले. इंदूरच्या आमच्या वाचकांस तर वाट पाहणे म्हणजे काय हे सांगावयास नको: तेथील हुकुमचंद मिल १९९१ साली बंद पडली आणि कामगारांच्या देण्यांचा प्रश्न सुटावयास २०२३ चा डिसेंबर उजाडला. दरम्यान किती जण दिवंगत झाले असतील त्यांची गणती त्यांच्या घरच्यांपाशी.

आता दोषांकडे वळू. ब्रिटनचे माजी मंत्री इयान डंकन स्मिथ यांनी, या बोलपटात कचेरीतील नोकरवर्गावर अन्याय झाला आहे, अशी तक्रार केली होती. ती सर्वस्वी निराधार नाही. ॲन नावाची एक कनवाळू कारकून बाई लोच यांनी ठेवली आहे, आणि डॅनियलला मदत केली म्हणून तिलाच वरिष्ठ बोलावून दटावतात हे फार मार्मिक आहे. परंतु तिच्याखेरीज सारी मंडळी एकाच साच्यातून काढल्यासारखी कोरडी आहेत. ज्या बोलपटात नियम हाच खलनायक आहे, तेथे कपाळाला आठ्या घातलेली माणसे उभी करण्याचे कारण नव्हते. हसतमुख कारकुनाने तेच वाक्य उच्चारले असते तर ते अधिक जिव्हारी लागले असते. केटीला शेवटी देहविक्रयाच्या वाटेला लावणे हेही आम्हांस मान्य नाही. उशिरा आल्याबद्दल भत्ता बंद होणे, ही घटना एवढी सामान्य आणि एवढी भयंकर आहे की तिच्यावर या जुन्या नाटकी कलाटणीचे ओझे घालण्याची गरज नव्हती. मुलीच्या फाटक्या बुटांवरून शाळेत होणारी थट्टा ऐकून त्या आईचा जो चेहरा होतो, त्यातच सर्व काही येऊन गेले होते.

शेवटही असाच किंचित ढळतो. अपिलाच्या दिवशी सगळे अनुकूल असताना, सुनावणीपूर्वी तेथल्याच प्रसाधनगृहात डॅनियलचे हृदय बंद पडते, आणि अंत्यविधीच्या वेळी केटी त्याने अपिलासाठी लिहून ठेवलेले टिपण वाचते. मृत्यू पटतो, कारण ज्या हृदयाविषयी कोणी विचारले नाही त्यानेच उत्तर दिले. टिपण मात्र फार नेटके आहे. त्यात लेखकाचा आवाज सुताराच्या आवाजाहून मोठा झाला आहे. तथापि पटकथेतील नियमांचा तपशील अतिरंजित होता, असे म्हणणाऱ्यांसाठी एक गोष्ट नमूद करतो. फेरविचाराच्या काळात आजारपणाचा भत्ता न देता अर्जदारास अपिलापासून अडविणे हा त्याच्या न्यायालयात जाण्याच्या हक्कावरील अवाजवी आघात आहे, असा निर्णय २०२० साली इंग्लंडच्या उच्च न्यायालयाने दिला.

डेव्ह जॉन्स हे मूळचे रंगमंचावर एकट्याने विनोद सांगणारे नट; त्यांची ही पहिलीच मोठी भूमिका, आणि ती त्यांनी अशी केली आहे की करुणेची याचना कोठेही दिसत नाही. लाकडी मासे कोरताना त्यांचे हात पाहावेत. केटीच्या भूमिकेत हेली स्क्वायर्स यांचे कामही त्याच तोलाचे आहे. बोलपट न्यूकॅसलच्या ठसकेबाज बोलीत आहे, आणि इंग्रजी उत्तम येणाऱ्यासही पडद्याखालच्या अक्षरांचा आधार घ्यावा लागेल. आमच्या कोंकणी वाचकांस त्यातील एक गंमत विशेष जाणवावी: डॅनियल शेजाऱ्याशी बोलतो तेव्हा त्याचा शब्द कसा सहज धावतो, आणि कचेरीच्या खुर्चीत बसला की तोच माणूस, त्याच तोंडाने, शब्दाशब्दाला कसा अडखळू लागतो.