दुसरा टेक म्हणजे दुबार प्रत नव्हे

एकाच गाण्याच्या दोन जुन्या तबकड्या हाती आल्या, की आपण एक ठेवतो आणि दुसरी दुबार म्हणून काढून टाकतो. आमचा आक्षेप नेमका इथे आहे. त्या दोन असतीलच एकसारख्या, हे कशावरून?

मेणावर मुद्रण व्हायचं तेव्हा मागाहून दुरुस्ती शक्यच नव्हती. ऐकून बघावं, तर सुई फिरताच मेण बिघडायचं. म्हणून खबरदारी म्हणून तीच चीज पुन्हा गाऊन घेत. हा दुसरा टेक. पुढे कधी तोही त्याच नंबराखाली बाजारात यायचा. लेबल तेच, गायकी मात्र वेगळी!

ओळखायचं कसं? लेबलाभोवतीच्या गुळगुळीत पट्ट्यात मॅट्रिक्स नंबर असतो. त्याला जोडलेला छोटा आकडा किंवा अक्षर अनेकदा टेक सांगतं. पण कंपनी आणि काळ बदलला की ही खूणही बदलते, म्हणून शेवटचा निवाडा कानाचा. नुसता सूर चढा लागला म्हणून टेक वेगळा ठरत नाही. ७८ च्या म्हणवणाऱ्या सगळ्या तबकड्या नेमक्या त्याच वेगाने मुद्रित झालेल्या नाहीत. आधी वेग जुळवा. मग तान कुठून उठते, समेवर कशी येते, श्वास कुठे घेतला, ते ताडून पाहा.

१९०२ साली कोलकात्यात फ्रेड गैसबर्ग यांनी गौहर जान यांचं गाणं मुद्रित केलं, तेव्हापासून आपला राग तीनेक मिनिटांत कोंबला गेला. त्या एका तबकडीलाच आपण 'तो राग' समजू लागलो. दोन टेक शेजारी ठेवले की कळतं, गायकानं काय ठरवून आणलं होतं आणि काय तिथल्या तिथे सुचलं. समीक्षेला याहून मोलाचा पुरावा कुठला?

जव्हार-मोखाड्याच्या श्रोत्यांना हे वेगळं सांगायला नको. तारपा वाजवणाऱ्यानं चाल बदलली की फेराची पावलं बदलतात. काल रात्रीचा तारपा अस्सल आणि आजचा नक्कल, असं इथे कोणी म्हणत नाही.

तेव्हा जुनी तबकडी नेटवर चढवताना मॅट्रिक्स नंबरही लिहा. मोबाइलवर तारपा टिपलात तर गाव, तारीख, वादकाचं नाव नोंदवा. आणि दुसरी खेप 'तेच आहे' म्हणून पुसू नका. आधी ऐका.