लग्नगडी : एका पुस्तकाचे पुनर्वाचन

वारली चित्रातली नाचती जोडपी आता शहरी लग्नपत्रिकांवर सर्रास दिसतात. दुसऱ्या समाजाचे लग्न आपल्याला बहुधा असेच आवडते : रंगीत, नाचते आणि बिनखर्चाचे. ही आवड मोडून काढणारे मराठी पुस्तक म्हणजे गोदावरी परुळेकरांचे ‘जेव्हा माणूस जागा होतो’ (१९७०).

त्यांनी वारल्यांचे लग्न पाहिले ते कर्जाच्या बाजूने. वारली समाजात हुंडा नाही, देज आहे. म्हणजे पैसा वराकडून वधूच्या घरी जातो. त्यात जेवणावळ आणि ताडी-दारूचा खर्च. जवळ दमडी नसलेला तरुण सावकार-जमीनदाराकडून थोडे कर्ज घेई आणि ते फिटेपर्यंत, म्हणजे बहुधा जन्मभर, त्याच्याकडे राबे. तोच ‘लग्नगडी’. त्याच्या बायकोवरही मालक हक्क सांगे. १९४५ साली किसान सभेच्या झेंड्याखाली वारली उठले, तेव्हा वेठबिगारीबरोबर ही गुलामीही मोडली.

परुळेकरबाईंची भाषा साधी आहे. त्या दयेने पाहत नाहीत आणि कौतुकानेही पाहत नाहीत, हे या पुस्तकाचे मोठेपण. मर्यादा एवढीच की भर लढ्यावर असल्याने लग्नातली बाई मागे राहते. वारली लग्न लावते ती धवलेरी. चौक लिहितात त्या सुवासिनी. विधीत एवढा मान असलेल्या बाईला संसारात काय वाटत होते, हे ऐकायला आणखी एका लेखणीची गरज आहे.

पुस्तक तेव्हाच्या ठाणे, आजच्या पालघर जिल्ह्यातले. पण उल्हास नदीकाठच्या दहिवलीतल्या वाचकाला ते परके वाटू नये. कर्जत-खालापूरच्या डोंगरकडेला ठाकर आणि कातकरी वाड्या आहेत. पावसाळ्यात उचल घ्यायची आणि दिवाळीनंतर बिऱ्हाड घेऊन वीटभट्टीवर ती फेडायची, हा अनेक कातकरी कुटुंबांचा क्रम. वेठबिगारीविरोधी कायदा १९७६ चा. तरी आजार आणि लग्न ही उचलीची कारणे राहिलीच. खर्च झेपत नाही म्हणून लग्न न लावता नांदणारी, पुढे मुलांदेखत बोहल्यावर चढणारी जोडपी आदिवासी पाड्यांवर आढळतात. त्यांना ‘लिव्ह-इन’ म्हणून मोकळे होणारे ही अडचण पाहतच नाहीत.

मुस्लिम वाचकाला इथे मेहर आठवेल. मेहरही वराकडूनच येतो. फरक असा की देज वधूच्या घराला मिळते आणि मेहर खुद्द वधूचा हक्क आहे. तत्त्व म्हणून आपली बाजू उजवी. व्यवहारात मात्र मेहर कागदावर उधार राहतो, आणि ज्याला धर्मात आधार नाही तो हुंडा कधी ‘भेट’, कधी ‘सामान’ म्हणून रोखीने घरात येतो. निकाह सोपा, त्याभोवतीचा थाट महाग. त्यासाठी मुलीचा बाप कर्ज काढतो, ते आपल्याच मोहल्ल्यात.

आपल्या कथा-कवितांत तलाक पुष्कळ आला आणि तो यायलाच हवा होता. पण लग्नाच्या कर्जाची वही फारशी कुणी उघडलेली नाही. परुळेकरबाईंनी दुसऱ्या समाजाची वही उघडली. आपल्या घरातली वही आपल्या लेखकांनीच उघडायची आहे.